अनामत म्हणजे उपकार नव्हे!

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखानी पट्ट्यात असा एक दिवस जात नाही की ज्या दिवशी कोठे ना कोठे एखादे बिऱ्हाड हलत नाही. कुणाचे कंत्राट संपते, कुणाला दुसऱ्या कारखान्यात दोन पैसे अधिक मिळतात, कुणी मुलांच्या शाळेसाठी गावी परततो, तर कुणी स्वतःचे घर घेऊन भाड्याच्या खोलीला रामराम ठोकतो. गादी, कपाट, पंखा, शेगडी, देव्हारा, सारे काही टेंपोत चढते आणि अखेरीस प्रश्न उरतो तो कोपऱ्यातल्या तांबड्या टाकीचा. ती बरोबर न्यावी, तर नव्या गावी ती चालेल की नाही याची खात्री नाही. परत द्यावी, तर वेळ नाही आणि कागद सापडत नाही. मग ती शेजाऱ्याला ‘वापरा तुम्हीच’ म्हणून दिली जाते, घरमालकाच्या ताब्यात सोडली जाते, नाही तर जो चार पैसे देईल त्याला विकली जाते. टाकी जाते ती जातेच. परंतु तिच्यापोटी भरलेली अनामतही तिच्याबरोबर बुडते. कष्टकऱ्याच्या घामाचे हे पैसे वर्षानुवर्षे असे निमूटपणे बुडत आहेत आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. या मौनाबद्दलच आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरात आलेली गॅसची टाकी ही ग्राहकाच्या मालकीची वस्तू नव्हे. ती तेल कंपनीची मालमत्ता असते आणि ग्राहकाकडे ती केवळ वापरण्यापुरती सोपविलेली असते. ती विकण्याचा वा कुणाला देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही. ती सुखरूप परत येईल याची हमी म्हणून कंपनी त्याच्याकडून अनामत घेते. मुंबईत एके काळी आरेचे दूध काचेच्या बाटलीतून मिळे, तेव्हा दूध आपले आणि बाटली डेअरीची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. येथेही न्याय तोच आहे. गॅस आपला, टाकी कंपनीची. आणि ज्या न्यायाने टाकी कंपनीची, त्याच न्यायाने अनामत आपली! टाकी परत मिळताच ती रक्कम ग्राहकाच्या हाती ठेवणे ही मेहेरबानी नव्हे, तो देण्याचा व्यवहार आहे. ज्याला आपण साध्या भाषेत ऋण म्हणतो, ते हेच.

हे ऋण क्षुल्लक आहे, असेही कोणी समजू नये. १६ जून २०२२ पासून घरगुती वापराच्या १४.२ किलोच्या टाकीची अनामत १,४५० रुपयांवरून २,२०० रुपये करण्यात आली. पाच किलोच्या टाकीची ८०० रुपयांवरून १,१५० रुपये झाली आणि रेग्युलेटरची १५० रुपयांवरून २५० रुपये. म्हणजे या दराने दोन टाक्यांची जोडणी घेणाऱ्या कुटुंबाचे ४,६५० रुपये अनामतीत गुंततात. या रकमेवर एक पैचेही व्याज मिळत नाही. हिशेबाला सोपे जावे म्हणून समजा, एका वसाहतीतील एक हजार कुटुंबांनी प्रत्येकी एकच टाकी या दराने घेतली आणि ती परत न करताच गाव सोडले, तर त्या एका वसाहतीचे बावीस लाख रुपये अनाथ झाले! ज्यांच्या घरी महिनाअखेरीस किराणाच्या वहीवर उधारी चढते, त्यांनी इतक्या मोठ्या रकमेवर पाणी सोडावे, यापरते दुर्दैव ते कोणते?

लोक आपली अनामत परत का घेत नाहीत, याचे एक कारण इतिहासात आहे. १९५५ साली बर्मा शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकावयास आरंभ केला. २२ ऑक्टोबर १९६५ रोजी इंडियन ऑइलने कलकत्त्यात आपली पहिली ‘इंडेन’ जोडणी दिली. पुढे १९७४ साली एस्सो आणि १९७६ साली बर्मा शेल सरकारच्या ताब्यात येऊन हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या उभ्या राहिल्या. परंतु मागणी डोंगराएवढी आणि गॅस ओंजळभर, अशी दीर्घकाळ अवस्था होती. नाव नोंदवून वर्षेच्या वर्षे वाट पाहावी लागे. खासदारांच्या वाट्याला जोडण्यांचा कोटा असे आणि त्यांची चिठ्ठी मिळविण्यासाठी लोक त्यांचे उंबरे झिजवीत. चुलीचा धूर आणि रॉकेलची रांग यांतून सुटलेल्या गृहिणीला ती टाकी म्हणजे घरात आलेली लक्ष्मी वाटे. अशी मिळालेली टाकी परत करणे म्हणजे आलेल्या लक्ष्मीला हाताने बाहेर काढणे, ही समजूत तेव्हापासून रुजली. आज टंचाईचा तो काळ मागे पडला आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत तर गरीब घरांतील स्त्रियांना अनामतीवाचून जोडणी मिळू लागली, आणि १० ऑगस्ट २०२१ रोजी आरंभलेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले गेले. पण काळ बदलला तरी समजूत बदलली नाही. टाकी आणावयाची असते, परत द्यावयाची नसते, हेच अजून मनात बसलेले आहे.

दुसरे कारण या पट्ट्याच्या जडणघडणीत आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि बघता बघता खेड्यांचे शहर झाले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका! पुढे कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणला गेली. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी या गावांत शेताच्या बांधावर खोल्यांच्या ओळी उठल्या. त्या खोल्यांतून मराठवाड्याचा, विदर्भाचा, खानदेशचा आणि त्याचबरोबर बिहारचा व उत्तर प्रदेशचा तरुण राहतो. पहिल्या पिढीचा कामगार एका कारखान्यात चिकटला की तेथूनच निवृत्त होई. त्याची टाकी तीस वर्षे एकाच ओट्याखाली राही. आजचा कंत्राटी कामगार वर्षा-दोन वर्षांत गाव बदलतो. गॅसजोडणीचे नियम मात्र जणू सारी माणसे जन्मभर एकाच घरात राहणार आहेत, अशाच समजुतीने चालविले जातात. खरे दुखणे हे आहे.

त्यात आणखी एका बदलाची भर पडली आहे. गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून २००६ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड या कंपनीने पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या असंख्य घरांत नळाचा गॅस नेला. ज्या ओट्यावर नळ आला, त्या ओट्याखालची टाकी निरुद्योगी झाली. ती बाल्कनीत गंजत पडते, तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली जाते, आणि तिची अनामत भरलेली आहे याचा घरातल्या कुणालाही पत्ता नसतो. टाकीवाचून एखादे नवे बिऱ्हाड अडलेले असताना दुसऱ्याच्या घरी ती कुंडीचा पाट होऊन बसावी, हे गृहस्थधर्मात बसत नाही.

आता ज्याला टाकी खरोखरीच परत करावयाची आहे, त्याच्या वाटेतील काटे पाहू. पहिला काटा कागदाचा. जोडणी घेताना जे सबस्क्रिप्शन व्हाउचर मिळते, त्यावर भरलेल्या अनामतीचा आकडा असतो आणि परतावा त्याच आकड्याने मिळतो. पण हा कागद गावाकडच्या पेटीत राहिलेला असतो, नाही तर उंदरांनी केव्हाच फस्त केलेला असतो. मग प्रतिज्ञापत्र आले, मुद्रांक आला, टंकलेखकाचे पैसे आले. दुसरा काटा नावाचा. जोडणी वडिलांच्या नावावर, वडील दिवंगत. किंवा जोडणी घरमालकाची आणि तिच्यापोटी पैसे मात्र भाडेकरूने दिलेले. या दुसऱ्या प्रकारात तर भाडेकरूच्या हाती पावतीचा कपटाही नसतो. तिसरा काटा वेळेचा. एजन्सीची वेळ आणि कारखान्याची पाळी यांचे जमत नाही. एका खेपेला ‘साहेब नाहीत’, दुसऱ्या खेपेला ‘संगणक बंद आहे’, तिसऱ्या खेपेला ‘धनादेश पुढच्या आठवड्यात’. रोजंदारीच्या माणसाने तीन खाडे भरून अनामत सोडवावयाची म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! तो मुकाट्याने टाकी विकून मोकळा होतो, यात नवल ते काय?

चौथा काटा सर्वांत टोचणारा आहे. २०१५ साली चिंचवडला दोन टाक्यांची जोडणी घेतलेल्या एका कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याने दोन टाक्यांचे २,९०० आणि रेग्युलेटरचे १५०, असे ३,०५० रुपये भरले. आता त्याला नोकरीसाठी दुसऱ्या गावी जावयाचे आहे. येथे टाक्या जमा करताच त्याला त्याचे ३,०५० रुपये मिळतील. पण नव्या गावी जोडणी घेताना चालू दराची अनामत मागितली जाते. २०२२ च्या दराने हा आकडा ४,६५० रुपये होतो. टाक्या तितक्याच, माणूस तोच, स्वयंपाकघरही तेच. केवळ पोटासाठी गाव बदलले म्हणून १,६०० रुपये वर! जो एका जागी बसून आहे त्याची अनामत जुन्या दराने चालते आणि जो कामाच्या शोधात हिंडतो त्याला वाढीव दराची फोडणी बसते. हा न्याय आम्हांस तरी उमगत नाही.

हा सारा प्रश्न केवळ पैशाचा असता तर आम्ही तो पहिल्या पानावर आणलाच नसता. परत न गेलेली टाकी हवेत विरून जात नाही. ती कोठे तरी जाते, आणि जेथे जाते तेथे तिच्यात चोरून गॅस भरला जातो. परत आलेली टाकी कारखान्यात भरताना तिची झडप आणि गळती तपासली जाते. तिच्या कड्याखालच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे रंगविलेले असतात. वर्षाच्या चार तिमाहींची ही चार अक्षरे असून त्या मुदतीस टाकीची सक्तीची चाचणी व्हावयाची असते. जी टाकी या फेऱ्यातून निसटली, तिची चाचणी कोण घेणार? गळकी झडप आणि गंजलेला तळ घेऊन ती दहा बाय दहाच्या खोलीत, झोपलेल्या लेकरांच्या उशाशी येऊन बसते. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ताथवड्यात टँकरमधून बेकायदा गॅस काढून टाक्यांत भरला जात असताना एकामागून एक स्फोट झाले, शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या पेटल्या आणि साऱ्या परिसराचा थरकाप उडाला. त्या रात्रीच्या टाक्या कोणाकडून आल्या होत्या, हे आम्ही सांगत नाही. परंतु टाक्यांवाचून असा चोरधंदा चालत नाही, आणि बेवारस टाकी हेच त्याचे भांडवल, एवढे सांगण्यास पंचांगाची गरज नाही.

वितरकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात की, लोक दुसऱ्याच्याच टाक्या घेऊन येतात, मोडके रेग्युलेटर पुढे करतात, आणि खोट्या माणसाला पैसे दिले तर कंपनी आम्हांलाच धरते. ही अडचण खोटी नाही. एजन्सीच्या खिडकीमागे बसलेला कारकूनही कुणाचा तरी नोकरच आहे. नियमाबाहेर जाण्याचे धाडस त्याने करावे, अशी अपेक्षा आम्ही ठेवीत नाही. पण ओळख पटविण्याची साधने आज त्याच्याच टेबलावर आहेत. ग्राहकाचे नाव, क्रमांक, त्याच्याकडील टाक्यांची संख्या, हे सारे संगणकावर असते. १ जानेवारी २०१५ पासून देशभर गॅसचे अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा करण्याची व्यवस्था झाली. सरकारचा पैसा ग्राहकाच्या खात्यात नेमका पोहोचविता येतो, मग ग्राहकाचा स्वतःचाच पैसा त्याच खात्यात पोहोचविताना हात का आखडतो?

म्हणून तेल कंपन्यांकडे आणि पेट्रोलियम मंत्रालयाकडे आमच्या काही रोकड्या मागण्या आहेत. पहिली अशी की, टाकी जमा होताच त्याच दिवशी परतावा ग्राहकाच्या खात्यात वळता व्हावा. दुसरी, भरलेल्या अनामतीचा आकडा प्रत्येक खेपेच्या बिलावर छापला जावा. माणूस आपले पैसे विसरतो, कारण ते त्याला कोणी दाखवीत नाही. तिसरी, व्हाउचर हरवले असता कंपनीची स्वतःची नोंद हाच पुरावा मानावा आणि मुद्रांकाचा जाच थांबवावा. चौथी, एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या जुन्या ग्राहकाकडून वाढीव दराचा फरक घेऊ नये; त्याची अनामत त्याच्याबरोबर प्रवास करू द्यावी. पाचवी, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गुरुवारी सुट्टी पाळण्याची जुनी वहिवाट आहे. महिन्यातून एका गुरुवारी भोसरी, चिखली, म्हाळुंगे आणि चाकण येथे टाक्या परत घेण्याची खिडकी दिवसभर उघडी ठेवावी.

सहावी मागणी थोडी मोठी आहे. बँकेत दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. तो निधी २०१४ साली स्थापन झाला, आणि २०२३ साली रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ नावाची सोय सुरू करून अनेक बँकांतील विसरलेल्या ठेवी एकाच ठिकाणी शोधण्याचा मार्ग लोकांना करून दिला. बँकेतील ठेव ही जशी लोकांची, तशी टाकीची अनामतही लोकांचीच. जी जोडणी वर्षानुवर्षे निद्रिस्त आहे, तिच्या मालकाला वा वारसाला शोधून कळविण्याचे कर्तव्य कंपन्यांनी का पत्करू नये? टाकी नेऊन दिल्यावाचून पैसे मिळणार नाहीत, हे खरे. पण पैसे आहेत हे तरी त्याला कळू द्या!

कारखानदार आणि कामगार संघटना यांनाही या कामात वाटा उचलता येईल. कामगार नोकरी सोडतो तेव्हा त्याचा शेवटचा हिशेब होतो. ओळखपत्र, बूट, हत्यारे परत घेतली जातात आणि भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरून घेतला जातो. त्याच वेळी ‘तुमची गॅसची टाकी परत केलीत का?’ एवढा एक प्रश्न विचारावयास कोणती कवडी खर्च होते? संघटनांनी बोनसासाठी लढावे, ते त्यांचे कामच आहे. पण जे पैसे लढ्यावाचून, केवळ एका अर्जाने सदस्याच्या हाती पडू शकतात, त्यांकडे दुर्लक्ष का व्हावे?

आता वाचकांशी दोन शब्द. सरकारने आणि कंपन्यांनी काय करावे हे आम्ही सांगितले. पण आपल्या हातचे काम आपणच केले पाहिजे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर गॅसचे व्हाउचर शोधा, त्यावरील आकडा वाचा आणि त्याचे एक छायाचित्र भ्रमणध्वनीत ठेवा. जोडणी दिवंगत व्यक्तीच्या नावावर असेल तर ती वारसाच्या नावावर करून घ्या. शहरातल्या शहरात घर बदलून एजन्सी बदलावयाची असेल, तर टाकी परत करावी लागत नाही. जोडणी तेवढी वर्ग करून घ्यावी. गावच सोडावयाचे असेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी एजन्सीत जा. टाकी, रेग्युलेटर, व्हाउचर, गॅसची पुस्तिका आणि ओळखीचा कागद बरोबर न्या. शेगडी आणि नळी तुमचीच. ती परत करावयाची नसते. टाकी जमा केल्यावर टर्मिनेशन व्हाउचर घेतल्याखेरीज खिडकी सोडू नका. नव्या गावी तोच कागद तुमची ओळख ठरतो. आणि विनाकारण खेटे घालावयास लावले गेले, तर १८००-२३३३-५५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार करणे म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे. आणि काहीही झाले तरी टाकी विकू नका. तिच्यापोटी मिळालेल्या शे-पाचशे रुपयांत तुम्ही आपली अनामत बुडविता आणि दुसऱ्याच्या घरात धोका पाठविता.

लोकशाहीची परीक्षा केवळ निवडणुकीच्या दिवशी होत नाही. सामान्य माणसाचे चार पैसे ज्याच्याकडे ठेव म्हणून आहेत, तो ते किती सहजतेने परत करतो, यातही ती होत असते. घेताना एक खिडकी आणि देताना सात दरवाजे, हा सावकारीचा रिवाज आहे. लोकांच्या मालकीच्या कंपन्यांना तो शोभत नाही. या पट्ट्यातील कामगाराने घाम गाळून देशाला मोटारी दिल्या, औषधे दिली, यंत्रे दिली. तो कुणाकडे दान मागत नाही. रिकामी टाकी खांद्यावर घेऊन तो एजन्सीच्या पायरीवर उभा राहील, तेव्हा त्याचे स्वतःचे पैसे त्याच दिवशी, सन्मानाने त्याला मिळावेत, एवढीच आमची मागणी आहे.